मराठीत आल्टो काय गातात?

मागच्या एपिसोडच्या शेवटी मी जपानी शाळांमधल्या क्वायरचा विषय काढला आणि नेमकी वेळ संपली. तिथे अर्धवट राहिलेलं इथे नीट सांगते. पण जपानला जाण्याआधी थोडं आमच्या घराजवळचं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास इथे, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये, एका मैत्रिणीच्या घरी कार्यक्रमाची तालीम चालली होती. पंधरा-वीस माणसं, एक हार्मोनियम, एक तबला आणि सगळ्यांना पाठ असलेलं एक भावगीत. मैत्रिणीची चौदा वर्षांची मुलगी इथल्या शाळेच्या क्वायरमध्ये आल्टो गाते, म्हणजे बायकांच्या आवाजांतली खालची ओळ. दोन कडवी झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, माझी लाइन कुठली?"

"अगं, सगळ्यांची एकच आहे."

तिने जरा विचार केला. "मग मराठीत आल्टो काय गातात?"

मी म्हणाले, "आपल्याकडे तसं नसतं." ती गप्प बसली. गाणं तिच्या आवाजाला उंच पडत होतं, अंतऱ्याला ती नुसते ओठ हलवत होती. तिसऱ्या तालमीला ती आलीच नाही.

तुमच्यापैकी बरेच जण याच जागी उभे असणार. शाळेत चार आवाजांत गाता, आणि मंडळाच्या कार्यक्रमात मराठी गाणं आलं की एकाच ओळीत शिरता किंवा बाहेर पडता. त्यावर घरचे मोठे एक वाक्य हमखास सांगतात: "आपलं संगीत वेगळं, आपल्या कानाला हार्मनी नाही जमत." माझा या वाक्यावर विश्वास नाही, आणि त्याचं कारण जपान आहे.

ज्याला गाता येत नव्हतं, त्यानेच सुरू केलं

मी पीएच.डी. सेंदाईला केली. तिथे आमच्या गल्लीच्या टोकाला एक माध्यमिक शाळा होती. संध्याकाळी लॅबमधून परत येताना उघड्या खिडक्यांतून मुलांचा सराव ऐकू यायचा. तेरा-चौदा वर्षांची मुलं, साथीला काही नाही, आणि सहा-सात स्वर एकमेकांना खेटून उभे असलेली कॉर्ड. मला आधी वाटलं चुकतायत. दुसऱ्या दिवशी तीच कॉर्ड, अगदी तशीच. म्हणजे चुकत नव्हते, तसंच लिहिलेलं होतं.

जपानी कानाला हे उपजत जमतं असं समजू नका. जपानच्या पारंपरिक गाण्यात युरोपसारखी हार्मनी नव्हती. १८७२ साली तिथे शालेय शिक्षणाचा पहिला कायदा झाला. त्यात गायन हा विषय होता, पण पुढे शेरा होता: तूर्त शिकवू नये. शिकवणार कोण आणि काय, हेच ठरलेलं नव्हतं.

मग इसावा शूजी नावाचा तरुण शिक्षक अमेरिकेत शिकायला गेला. (जपानी नावांत आडनाव आधी येतं, मी तसंच ठेवते.) बाकी विषय ठीक, पण पाश्चात्त्य सप्तक त्याच्या गळ्यातून काही केल्या निघेना. प्राचार्यांनी दयाबुद्धीने सुचवलं की तू परदेशी आहेस, तुला संगीताची सूट देऊ. इसावाला हे फार लागलं. त्याने सूट नाकारली आणि बॉस्टनच्या ल्यूथर व्हाइटिंग मेसन या शिक्षकाकडे जाऊन शिकला. १८७९ मध्ये जपान सरकारने संगीतशिक्षणासाठी खातं काढलं, इसावा त्याचा प्रमुख झाला, आणि १८८० मध्ये त्याने मेसनलाच जपानला बोलावून घेतलं. शाळांसाठी जपानची पहिली गाण्यांची पुस्तकं या दोघांच्या हाताखाली तयार झाली. त्यांतली बहुतेक गाणी एकाच ओळीची होती, आणि अनेक चाली परदेशी होत्या.

आता याच दशकातलं पुणं बघा. १८७४ मध्ये पूना गायन समाज स्थापन झाला. त्याची चिंता उलटी होती: आपलं रागसंगीत टिकावं, घराघरांत शिकवलं जावं, त्याला प्रतिष्ठा मिळावी. पुढे १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पलुस्कर आणि भातखंडे या दोघांनीही स्वरलेखनाच्या पद्धती तयार केल्या, आणि दोन्ही एका गळ्यातून निघणाऱ्या एका ओळीसाठी आहेत. या निर्णयांमुळेच आपल्याकडे राग शिकता येतो, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. सांगायचं एवढंच की जपानने एक निवडलं, आपण दुसरं निवडलं. कानांचा त्यात काही दोष नाही.

स्पर्धेसाठी गाणी येतात कुठून?

समूहगानाला जपानीत 'गाश्शो' म्हणतात. 'हार्मनी'वरून त्यांनी एक क्रियापदही बनवलंय: 'हामोरु', म्हणजे आवाज एकमेकांत नीट बसणे. शाळकरी मुलं तो शब्द सहज वापरतात.

तिथे दोन मोठ्या स्पर्धा आहेत. एक एनएचके या राष्ट्रीय प्रसारण संस्थेची, १९३२ पासूनची. प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक असे तिचे तीन गट, आणि अंतिम फेरी टोकियोच्या एनएचके हॉलमध्ये ऑक्टोबरात होते. दुसरी अखिल जपान गाश्शो महासंघ आणि आसाही वृत्तपत्राची, १९४८ पासूनची. दोन्हींत प्रत्येक गट दोन प्रकारचं गातो: एक नेमून दिलेलं गाणं आणि एक स्वतः निवडलेलं.

खरी गंमत या दोन शब्दांत आहे. एनएचकेच्या स्पर्धेसाठी दरवर्षी प्रत्येक गटाला नवीन गाणं लिहून घेतलं जातं, शब्दही नवे आणि संगीतही नवं. शब्द लिहायला कोण येतं? २००४ च्या माध्यमिक गटाच्या 'शिन्जिरु' ('विश्वास ठेवणं') या गाण्याचे शब्द तानिकावा शुंतारो यांचे होते. २०२४ मध्ये वारलेले तानिकावा हे आधुनिक जपानी कवितेतलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं नाव. आपल्याकडे विंदांनी दहावीच्या मुलांच्या स्पर्धेसाठी मुद्दाम कविता लिहावी, तसं हे. सगळं जडच असतं असंही नाही. २००८ मध्ये पॉप गायिका अँजेला आकीने पंधरा वर्षांच्या मुलाने भविष्यातल्या स्वतःला लिहिलेल्या पत्राचं गाणं केलं आणि ते देशभर घरोघरी पोचलं.

आणि स्वतः निवडायच्या गाण्यासाठी? चांगले क्वायर मोठ्या संगीतकारांकडे जाऊन आपल्यासाठी नवी रचना लिहून घेतात. म्हणजे शाळेतल्या मुलांसाठी देशातले पहिल्या फळीचे संगीतकार लिहितात, आणि त्यांना कोणी "जरा सोपं करा" असं सांगत नाही. सुझुकी तेरुआकी यांच्यासारखे संगीतकार शाळांसाठी इतकं दाट लिहितात की व्यावसायिक गायकांनाही घाम फुटावा.

अवघड म्हणजे नक्की काय?

इथे थोडं कानाचं विज्ञान. घरी तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर सुरू करूनच वाचा.

नीट लावलेला तानपुरा लक्ष देऊन ऐकलात तर एक स्वर असा ऐकू येतो जो कोणी वाजवत नाही: गंधार. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाच्या तारेच्या कंपनात जे वरचे स्वर आपोआप मिसळलेले असतात, त्यांतला पाचवा हा गंधार. म्हणजे सा, ग आणि प एकत्र वाजले की होणारी कॉर्ड तानपुऱ्यात आधीपासून आहे. ज्या कानाला तानपुरा कळतो त्याला हार्मनी परकी नाही.

हा गंधार हार्मोनियमच्या गंधाराशी मात्र जुळत नाही. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर हार्मोनियमचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. चांगला क्वायर साथीशिवाय गातो तेव्हा हा उतरलेला, शांत गंधार शोधतो. जपानी शाळांत सराव असाच करतात: आधी खालच्या आवाजांनी षड्ज धरायचा, मग पंचम, आणि दोन्ही स्थिर झाल्यावर गंधार अलगद आत ठेवायचा. बसला की खोलीच वाजायला लागते.

मग अडचण कुठे येते? आपल्या संगीतात सा हलत नाही. क्वायरच्या गाण्यात पायाच सतत हलतो. हे स्वतः करून बघा. तुम्ही एकच सा धरा. मित्राला आधी ग आणि प गायला सांगा: तुमचा सा हा पाया आहे. आता त्याने म आणि ध घेतले, तर तुमचा तोच सा मध्यमाचा पंचम झाला. त्याने खालचा ध आणि ग घेतले, तर तुमचा सा आता धैवताचा कोमल गंधार झाला. तुम्ही हललाही नाहीत, पण तुमचं नातं तीनदा बदललं. आपल्या पद्धतीने शिकलेल्या माणसाला जड जातं ते हेच. आपण आयुष्यभर एकाच घराच्या दारात उभं राहून स्वर मोजतो, आणि इथे दर मात्रेला घर बदलतं.

त्यातून आणखी एक विचित्र गोष्ट होते. समजा क्वायर पाच कॉर्ड्सची एक अगदी नेहमीची फेरी गातोय: सा-ग-प, मग ध-सा-ग, रे-म-ध, प-नि-रे आणि परत सा-ग-प. दर वेळी आधीच्या कॉर्डमधला सामाईक स्वर धरून पुढची कॉर्ड तंतोतंत शुद्ध लावली, तर फेरीच्या शेवटी सगळे मिळून सुमारे २२ सेंट खाली आलेले असतात. अशा पाच फेऱ्या झाल्या की जवळजवळ अख्खी एक पट्टी! कोणीच बेसूर नाही, आणि तरी सगळा गट उतरलाय. त्यामुळे कुठे शुद्धता पकडायची आणि कुठे किंचित सोडायची, हे एकमेकांचं ऐकून ठरवावं लागतं. चौदा वर्षांची मुलं हे रोज करतात.

माझी स्वतःची फजिती सांगते. सेंदाईत मी हौशी लोकांच्या एका क्वायरमध्ये आल्टो गायले. लहानपणी सहा वर्षं शास्त्रीय शिकलेली, त्यामुळे जरा तोऱ्यातच गेले होते. पहिल्याच सरावात आमच्या बाईंनी मला थांबवलं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मी सवयीने मींड घेत होते. एकटीने गाताना ती छान वाटते, पण कॉर्ड बदलताना तो ओढलेला स्वर सगळ्यांच्या मध्ये पुसट डाग टाकतो. "सरळ जा आणि तिथेच थांबा," एवढंच त्या म्हणाल्या. सरळ जायला मला चार महिने लागले.

मुलांचे आवाज फुटण्याचा प्रश्नही त्यांनी रचनेतच सोडवलाय. माध्यमिक शाळांसाठी तिथे तीन आवाजांची एक पद्धत रूढ आहे: मुलींच्या दोन ओळी आणि सगळ्या मुलग्यांची मिळून एक, तीही अशा मर्यादित पट्टीत की फुटणाऱ्या आवाजालाही झेपेल. आवाज बसत नाही म्हणून कोणी नुसते ओठ हलवत उभं राहायचं नाही.

भाषेचा गुंता

भाषेचं आणखी वेगळं. जपानीत शब्द मोजायचं माप म्हणजे 'मोरा', साधारण एक ठोका. टोकियो आपण दोन-तीन तुकड्यांत म्हणतो, पण जपानी माणसाच्या मोजणीत ते चार ठोके आहेत: तो-ओ-क्यो-ओ. निप्पोनमध्येही चार: नि-प्-पो-न. शेवटच्या न् ला स्वतःचा स्वर द्यावा लागतो. शिवाय टोकियोच्या बोलीत स्वराच्या चढ-उताराने अर्थ बदलतो: 'हाशि'चा पहिला भाग उंच असेल तर जेवायच्या काड्या, दुसरा उंच असेल तर पूल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यामादा कोसाकू या संगीतकाराने आग्रह धरला की चाल बोलण्याच्या चढ-उताराबरोबर जायला हवी. एका आवाजात ते जमतं. चार आवाज चार दिशांना जात असतील तर काड्यांचा पूल होणारच. म्हणून पुढचे संगीतकार वेगवेगळ्या युक्त्या करतात: एक आवाज शब्द बोलतो आणि बाकीचे नुसता स्वर धरतात, किंवा सगळे एकाच क्षणी एकाच शब्दावर येतात.

आता मराठी. पंढरपूर म्हणून बघा. बोलताना तीन तुकडे: पं-ढर-पूर. अभंगात मोजताना पाच: पं-ढ-र-पू-र. बोलताना गिळलेला 'अ' गाताना परत येतो. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही मोजणी अक्षरांची आहे, जशी हायकूची पाच-सात-पाच ही मोरांची. म्हणजे भाषा ठोक्यांत मोजून गाण्यात बसवायची सवय आपल्याला शेकडो वर्षांची आहे, आणि जपानीसारखा चढ-उताराचा जाच आपल्या डोक्यावर नाही. चार आवाजांत गायला मराठी जपानीपेक्षा सोपी पडावी.

मुलांच्या तोंडी काय देतात?

ताकाता साबुरोंची १९६४ ची 'मिझु नो इनोची' ('पाण्याचं जीवन') ही पाच गाण्यांची माळ आहे. पाऊस, डबकं, नदी, समुद्र, आणि शेवटी समुद्राला मारलेली हाक. तिचे शब्द ताकानो किकुओ या कवीचे. तांत्रिकदृष्ट्या ती फार भयंकर नाही, पण डबक्याबद्दल गंभीरपणे गाणं हीच एक परीक्षा आहे.

मियोशी आकिरांची मुलांच्या क्वायरसाठी लिहिलेली 'ओदेको नो कोइत्सु' ('कपाळावरचा हा') १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात (१९६७-७०) उपाशी मेलेल्या मुलांचे फोटो तेव्हा जगभर छापून आले होते. या रचनेत तसंच एक उपाशी पोर एका जपानी मुलाच्या कपाळात येऊन बसतं आणि हटत नाही. संगीत तुटक, टोचणारं. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी हे गायचं.

हायाशी हिकारूंच्या 'गेनबाकु शोकेइ'मध्ये हिरोशिमातून वाचलेले कवी हारा तामिकी यांच्या कविता आहेत. पहिला भाग १९५८ चा, शेवटचा २००१ चा. पदवीदान समारंभात हमखास गातात ते 'दाइचि सान्शो' हे धरतीचं स्तोत्रही बघा. ते १९६२ च्या एका सात भागांच्या मोठ्या रचनेचा शेवट आहे, आणि त्या रचनेत अणुबाँबच्या राखेवर एक अख्खा भाग आहे. ते माहीत झाल्यावर स्तोत्र वेगळंच ऐकू येतं.

आणि माझं सगळ्यात आवडतं: शिबाता मिनाओंची १९७३ ची 'ओइवाके-बुशी को'. घोडे हाकणाऱ्यांची जुनी लोकगीतं गायक सभागृहात फिरत फिरत गातात, कोणी मागून, कोणी बाजूने. संगीतसंयोजक अक्षरं लिहिलेले हातपंखे उंचावून कोणी काय सुरू करायचं ते सांगतो. कुठलेच दोन प्रयोग सारखे होत नाहीत. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वारी आठवली. रस्त्याकडेला उभं राहिलं की पुढे गेलेल्या दिंडीचा अभंग अजून कानात असतो, समोरची दिंडी दुसराच म्हणत असते आणि मागून तिसरीचे टाळ येत असतात. लहानपणापासून ऐकलेलं हे सगळं मी गोंगाटातच जमा करत आले होते.

याची किंमत

आता दुसरी बाजू. स्पर्धा म्हटली की सुवर्ण, रौप्य, कांस्य आलं, आणि परीक्षकांवर छाप पडावी म्हणून गाणं निवडणंही आलं. नावाजलेल्या शाळांत सराव रोजचा असतो, सुट्टीतही. शिक्षकांचे तास संपत नाहीत. मुलांच्या अशा क्लबांचा भार शाळांवरून हलके हलके स्थानिक संस्थांकडे न्यायचं धोरण सरकारने २०२३ पासून सुरू केलंय. जन्मदर घटल्यामुळे कित्येक शाळांत क्वायर उभा राहण्याएवढी मुलंच नाहीत. सेंदाईच्या माझ्या एका सहकाऱ्याला शाळेतल्या वर्गावर्गांच्या गाण्याच्या स्पर्धेची आठवण नकोशी वाटायची. "जे गात नव्हते त्यांच्यावर बाकीचे चिडायचे," तो म्हणायचा. तेव्हा सगळं उचलून आणा असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला पटलीय. फुकुशिमा हा प्रांत क्वायरसाठी जपानभर प्रसिद्ध आहे. २०११ च्या भूकंपानंतर अणुप्रकल्पाजवळच्या ओदाका इथल्या माध्यमिक शाळेतली मुलं देशभर विखुरली. उरलेल्या मुलांच्या तोंडची वाक्यं त्यांच्या संगीतशिक्षिकेने टिपून ठेवली आणि त्यांचं गाणं केलं, 'गुन्जो'. २०१३ च्या पदवीदानाला मुलांनी ते गायलं, आणि आता ते देशभरच्या शाळांत गातात. ते अवघड नाही. पण त्या क्षणी त्या मुलांना काही म्हणायचं होतं आणि ते एकत्र म्हणायचं साधन त्यांच्या हातात आधीपासून होतं. वर्षानुवर्षं मुलांना त्यांच्याच भाषेतलं, त्यांच्या ऐपतीपेक्षा थोडं जास्त देत राहिल्यामुळे ते साधन तयार झालं होतं.

आणि आपण?

मराठी माणसाने एकत्र गायलंच नाही असं मुळीच नाही. संगीतकार वसंत देसाईंनी मुंबईच्या शाळांतल्या हजारो मुलांना एकत्र गायला शिकवलं. 'गुड्डी' (१९७१) सिनेमातली त्यांची प्रार्थना आजही भारतभर शाळांत म्हणतात. पण ते गाणं एका ओळीचं. अनेक ओळींचे प्रयत्नही झाले: सलील चौधरींनी १९५८ मध्ये बॉम्बे यूथ क्वायर काढला, आणि व्हिक्टर परांज्योती यांच्या नावाचा क्वायर कुमी वाडिया यांनी मुंबईत कितीतरी दशकं चालवला. गोव्याचा मांडो तर दोन आवाजांतच गातात, दुसरा आवाज सहसा पहिल्याच्या खाली, तिसऱ्या स्वरावर चालतो. मराठी चर्चमधल्या 'उपासना संगीत' या पुस्तकात ना. वा. टिळकांची भजनं आणि पाश्चात्त्य चालींची मराठी गीतं शेजारी शेजारी आहेत. या सगळ्यात आपल्याकडे नाही ती एकच गोष्ट: चौदा वर्षांच्या मुलांसाठी चार आवाजांत मुद्दाम लिहिलेलं, चांगल्या कवितेवरचं मराठी गाणं, दरवर्षी एक नवं. मर्ढेकर आहेत, बहिणाबाई आहेत, अरुण कोलटकर आहेत. संगीत लिहायचं राहिलंय.

एक धोक्याची सूचना: भावगीताखाली गिटारच्या कॉर्ड्स टाकल्या की झालं, असं नाही. रागात जो स्वर वर्ज्य आहे तो कॉर्डमधून मागच्या दाराने आत येतो आणि चाल बेचव होते. मामिया मिचिओ या संगीतकाराने १९५८ पासून क्वायरसाठी रचनांची एक मालिका लिहिली. लोकगीतांतले निरर्थक पुकारे आणि ठेकेच त्याने आवाजांत वाटून दिले, जर्मन हार्मनी वरून चिकटवली नाही. आपल्याकडे त्यासाठी माल भरपूर आहे: जात्यावर एकीने सुरू केलेली आणि दुसरीने उचललेली ओवी, भजनातलं ध्रुपद धरणारी मंडळी, टाळ आणि तबल्याचे बोल, आणि तानपुरा.

मोठी यंत्रणा नसली तरी चालतं, हे मला झुइडओस्टनेच दाखवलं. इथे घानाच्या आणि सुरिनामच्या लोकांची कितीतरी चर्च आहेत. रविवारी सकाळी त्यांच्या दारावरून गेलात तर सात-आठ वर्षांची मुलं आईच्या शेजारी उभी राहून, हातात कागद नसताना, कानाने दुसरा आवाज पकडताना ऐकू येतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही की हे अवघड आहे.

यंदाच्या गणपतीत आम्ही एक छोटा प्रयोग केला. एक अभंग घेतला. मैत्रिणीच्या मुलीला म्हटलं, पहिल्या कडव्यात खालचा सा धर, बाकी काही नको. दुसऱ्यात खालचा पंचम. तिसऱ्यात आम्ही सगळे ध्रुपदावर असताना तू दोन मात्रा उशिरा तेच सुरू कर. पुढच्या तालमीला ती स्वतःच लिहिलेली एक ओळ घेऊन आली, डच शाळेतल्या स्वरलेखनात, खाली शब्द देवनागरीत. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं. एका ठिकाणी तिने कोमल निषाद घातला होता. आमच्यातल्या एका काकांना तो खटकला आणि त्यावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी तो ठेवला.

कार्यक्रमात आम्ही निम्म्या पट्टीने उतरलो. तिच्या ओळीत आम्ही चौघीजणी होतो, आणि तिसऱ्या कडव्यात मी अजूनही घाईच करते.